सात हिस्से : ससानी इराणातील बायको, मुलगी आणि मिळकत

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर टेबल टाकून मी एकतीस वर्षे दस्त लिहितो आहे. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र असे नाना प्रकार हातून जातात. पण संख्येने भारी असतात ती हक्कसोडपत्रे. वडील वारतात, सात-बाऱ्यावर वारसांची नावे चढतात आणि काही महिन्यांत भाऊ बहिणींना घेऊन येतो. बहिणी बहुधा ठेवणीतल्या साडीत असतात. कोणी सही करते, कोणी अंगठा उठवते. मुद्रांक २०२४ पर्यंत दोनशे रुपयांचा असे. मग समोरच्या हॉटेलात चहा होतो आणि मंडळी आपापल्या एस.टी.ला लागतात. २००८ साली असा एक कागद मी माझ्याच ताईचा लिहिला. घेणारा मीच होतो. त्या कागदाकडे शेवटी येईन.

इराणकडे मी वळलो तो एका लग्नामुळे. माझ्या एका पारशी पक्षकाराच्या मुलीचे पुण्यात लग्न होते. सूर्यास्तानंतर वधूवर समोरासमोर बसले, दस्तुरांनी दोघांवर तांदूळ टाकत आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. भाषा अनोळखी होती, पण मध्येच कानाला संस्कृत शब्द लागले आणि मी सावरून बसलो. नंतर दस्तुरांना अर्थ विचारला. त्यांनी सहज सांगितले, की या विधीत दोन हजार दिरम शुद्ध रुपे आणि निशापूरच्या टाकसाळीचे तांबड्या सोन्याचे दोन दिनार यांचा उच्चार होतो आणि त्या कराराला वधूवरांची संमती विचारली जाते. निशापूर खोरासानात, लग्न पुण्यात. बाकीच्या पाहुण्यांना त्यात काव्य दिसले असेल. मला मात्र त्यात मोबदल्याचे कलम दिसले. रक्कम, धातूची शुद्धता, टाकसाळ, उभयतांची संमती : हा तर दस्त! मग मूळ दस्त कुठे आहे, हा प्रश्न डोक्यात घोळू लागला.

तो शोध पुढची चौदा वर्षे चालला. मी पेहलवी भाषा कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. मॅकेंझी यांचा १९७१ सालचा छोटा पेहलवी कोश आणि हाती लागतील ती भाषांतरे, एवढ्यावर माझे काम. ही लिपी माणसाची परीक्षा पाहते. एकेक आकार तीन-चार अक्षरांचे काम करतो. त्यात कित्येक शब्द लिहायचे आरामाईकमध्ये आणि वाचायचे फारसीत. ‘बायको’ हा शब्द लिहिताना आरामाईक शब्दाची अक्षरे येतात आणि वाचणारा ‘झन’ वाचतो. आपला ‘जनाना’ त्याच घरचा. आमच्या धंद्यातला ‘दस्त’ही तिकडचाच; फारसीत त्याचा अर्थ हात.

मूळ दस्त काही सापडला नाही. सापडला तो निवाड्यांचा एक ग्रंथ.

त्याचे नाव ‘मादयान-इ हजार दादेस्तान’, म्हणजे हजार निवाड्यांचा ग्रंथ. इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आरंभी, दुसऱ्या खुस्रोच्या अमदानीत, फार्स प्रांतातल्या गोर या शहरात फर्रुखमर्द वह्रामान नावाच्या गृहस्थाने तो संकलित केला. गोर म्हणजे आजचे फिरोजाबाद. इस्लामपूर्व इराणचा प्रत्यक्ष चालणारा कायदा दाखवणारा एवढाच ग्रंथ शिल्लक आहे, आणि त्याचीही एकच हस्तलिखित प्रत. ती प्रत मुंबईच्या पारश्यांमुळे वाचली. इराणातल्या जरथुष्ट्री बांधवांची दैना कमी करावी म्हणून १८५४ साली मुंबईहून माणेकजी लिमजी हातरिया इराणला गेले. त्यांच्या नावाच्या संग्रहात या प्रतीची पंचावन्न पाने होती. उरलेली वीसेक पाने तेहमुरस अंकलेसरिया यांच्याकडे. पहिल्या भागाची छायाप्रत जीवनजी जमशेदजी मोदी यांच्या प्रस्तावनेसह १९०१ साली छापली गेली. कुठे? पुण्यात! मी ज्या शहरात ते लग्न पाहिले, तिथेच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या ग्रंथाची पाने झिंकाच्या पत्र्यांवरून छापली गेली होती.

१९३७ मध्ये सोहराब बुलसारा यांचे इंग्रजी भाषांतर मुंबईत निघाले. ते धाडसाचे काम होते, पण त्यात चुका पुष्कळ. त्याआधी जर्मन पंडित बार्थोलोमे यांनी अनेक उतारे सोडवले होते. पुढे अनाहित पेरिखानियान यांनी रशियनमध्ये आणि मारिया माकुख यांनी जर्मनमध्ये सगळा ग्रंथ नव्याने वाचला. पेरिखानियान यांची आवृत्ती १९९७ साली इंग्रजीत आली, तेव्हा माझ्यासारख्याची सोय झाली. पुरुषांनी लिहिलेल्या या ग्रंथातले बायकांचे हक्क नीट उलगडले ते या दोन बायकांनी, हे जाता जाता नोंदवतो.

ग्रंथ वाचायला रुक्ष आहे, आणि मला तो रुक्षपणाच आवडला. अमुक माणसाने अमुक लिहून दिले, नंतर असे झाले, तर मिळकत कोणाची? वह्राम असे म्हणतो, सियावख्श तसे म्हणतो, युवान-यमने तिसरेच सांगितले आहे. पुढचा खटला.

यातला विवाह समजायचा तर आधी ‘दूदग’ हा शब्द घ्यावा लागतो. दूदग म्हणजे घराणे. त्यात ‘दूद’ आहे, म्हणजे धूर. ज्याच्या चुलीचा धूर वेगळा, ते घर वेगळे. हा धूर बंद पडू नये, घरधन्याचे नाव चालावे आणि त्याच्या नावाने अग्नीची व पितरांची सेवा चालू राहावी, ही त्या समाजाची मोठी चिंता. बाकीचे नियम या चिंतेतून निघतात. घराचा जो कर्ता तो ‘सालार’. सिपहसालार आपल्याला ठाऊक आहे. हा घरातला सालार. बायको, मुले, अविवाहित बहिणी त्याच्या पालकत्वाखाली.

विवाहाचा पहिला आणि मानाचा प्रकार ‘पादिख्शाय’. या शब्दापासूनच पुढे पादशाह झाला आणि आपल्याकडे पातशहा. पादिख्शाय बायको म्हणजे पूर्ण अधिकाराची बायको. मुलगी बापाच्या सालारीतून नवऱ्याच्या सालारीत जाई. तिची मुले नवऱ्याची औरस वारस. आणि नवरा मृत्युपत्र न करता वारला तर वाटणी अशी : मुलाला जेवढे तेवढेच बायकोला, आणि अविवाहित मुलीला त्याच्या निम्मे.

हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. बायको मुलाच्या बरोबरीने! चौदाशे वर्षांपूर्वी!

लग्न झालेल्या मुलीला मात्र बापाच्या वारशात हिस्सा नाही. तिला लग्नात जे दिले, तोच तिचा हिस्सा धरला जाई. हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी आजही ऐकू येते, ‘तिच्या लग्नात काय कमी केलं?’ आपल्या राज्याने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार केले, तेव्हा त्या कायद्यातही आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. त्या आत आल्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने.

आता पादिख्शाय लग्नाची दुसरी बाजू. नवरा मुलगा न होता मेला, तर या बायकोवर त्याच्या नावाचे ऋण असे. तिने दुसऱ्या पुरुषाशी, बहुधा नवऱ्याच्या जवळच्या नातलगाशी, ‘चकर’ विवाह करायचा. संसार या दुसऱ्याशी, पण कायद्याने ती मेलेल्याचीच पादिख्शाय बायको. होणारी मुलेही मेलेल्याची. जन्मदात्या बापाच्या मिळकतीवर त्या मुलांचा हक्क नाही, चकर बायको म्हणून तिचाही नाही. आपल्या वाचकांना लगेच नियोग आठवेल. तो अल-बिरुनीलाही आठवला होता. हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात इथल्या अशा चाली सांगताना तो तन्सर नावाच्या इराणी धर्माधिकाऱ्याच्या पत्राचा हवाला देतो. त्या पत्रातली व्यवस्था अशी : मेलेल्याची बायको असेल तर ती जवळच्या नातलगाला द्या; ती नसेल तर मुलगी किंवा नात्यातली स्त्री; कोणीच नसेल तर मेलेल्याच्या पैशातून एखादी स्त्री आणा आणि तिचे लग्न नात्यातल्या पुरुषाशी लावा. होईल ते मूल मेलेल्याचे. यात कसूर करणाऱ्याने असंख्य जीव मारले असे समजावे.

मेलेल्यासाठी वारस उभा करण्याच्या या कर्तव्याला ‘स्तूरी’ म्हणत आणि ते अंगावर घेणारा किंवा घेणारी ‘स्तूर’. विधवा ही आपोआप स्तूर. मुलगा नसलेल्या बापाची एकुलती मुलगीही आपोआप स्तूर. तिला ‘अयोकेन’ म्हणत. तिचा मुलगा तिच्या नवऱ्याचे नाव चालवत नसे, तिच्या बापाचे चालवी. मनुस्मृतीतली पुत्रिका अगदी हीच. बापाने हयातीत एखाद्याला स्तूर नेमून ठेवले असेल तर तो दुसरा प्रकार, आणि कोणीच नसेल तर धर्माधिकारी नेमतील तो तिसरा. स्तूराच्या हाती मेलेल्याची मिळकत येई, पण विश्वस्त म्हणून. उत्पन्न खावे, मुद्दल राखावे.

इथे एक अट आहे आणि ती मला सगळ्या ग्रंथांपेक्षा बोलकी वाटते. नवव्या शतकातला धर्मगुरू मनुश्चिहर आपल्या ‘दादेस्तान-इ देनिग’ या ग्रंथात स्तूराची चर्चा करताना साठ स्तेर इतकी मालमत्ता ही किमान मर्यादा देतो. एक स्तेर म्हणजे चार द्रह्म, म्हणजे दोनशे चाळीस चांदीची नाणी. तेवढी मिळकत असेल तर स्तूर नेमलाच पाहिजे. म्हणजे परलोकाचा पूल ओलांडायला मुलगा हवा असे सांगायचे, आणि गरिबाच्या आत्म्यापुरते ते सैल सोडायचे. नाव राखायचे म्हणत, पण राखत होते ते मिळकतीसकट नाव.

याहून बोचरा नियम पुढे आहे. एखादा पुरुष स्वतःचा दोष नसताना अडचणीत आला, त्याच्या घरी मुले सांभाळायला स्त्री नाही, तर दुसरा पुरुष आपली बायको, पादिख्शाय बायकोसुद्धा, काही काळासाठी त्याला देऊ शकत होता. तिची संमती लागत नसे. त्या काळात होणारी मुले पहिल्या नवऱ्याचीच. इथपर्यंत वाचून मी पुस्तक मिटले होते. दुसऱ्या दिवशी पुढचे वाचले : या हस्तांतरात बायकोची मिळकत मात्र नव्या घरी जात नाही.

दस्तलेखक म्हणून मला हे कलम समजते. हस्तांतर करताना काय जाते आणि काय राहते ते स्पष्ट लिहायचे असते. इथे बाई जाते आणि तिची मिळकत राहते. मिळकतीला संरक्षण होते, मालकिणीला नव्हते. बार्थोलोमे यांनी हा सगळा कायदा पाहून मत दिले, की ससानी काळात स्त्री वस्तूकडून व्यक्तीकडे वाटचाल करत होती. जुने नियम मागे रेंगाळत होते आणि नवे पुढे येत होते. फार मोठ्या माणसाचे मत, पण मला ते पटत नाही. मला दोन्ही नियम एकाच बुद्धीचे वाटतात. मुलाइतका हिस्सा बायकोला दिला, कारण ती त्या घराच्या नावाची राखणदार होती. उद्या तिच्याच पोटी मेलेल्याचा वारस उभा करायचा होता. हिस्सा आणि ओझे हे एकाच दस्ताचे दोन परिच्छेद आहेत.

ओझे नाकारणाऱ्या मुलीचे काय, ते पाहिले की हे अधिक उमगते. बापाने मुलीचे लग्न वेळेवर लावून देणे हे त्याचे कर्तव्य होते, आणि अमक्याशीच कर म्हणून तो तिच्यावर सक्ती करू शकत नव्हता. तिने नकार दिला म्हणून तिला वारशातून काढूही शकत नव्हता. हे मोठेच आहे. पण सालाराच्या संमतीवाचून मुलीने स्वतः नवरा निवडला तर तो तिसऱ्या प्रकारचा विवाह, ‘ख्वसरायेन’. कायदा त्याला विवाह म्हणत होता, तो बेकायदा नव्हता. मात्र या बायकोला पूर्ण अधिकाराच्या बायकोचे स्थान नव्हते आणि वारशातही तिची बाजू पडती. जी कोणाच्या नावाला बांधलेली नाही, तिच्या पदरात त्या नावाची मिळकतही नाही. एवढा सरळ हिशेब.

हे सगळे वाचून त्या काळच्या बायका मुकाट्याने बसून होत्या असे वाटेल, म्हणून ग्रंथातलीच एक गोष्ट सांगतो. रुक्ष खटल्यांच्या मध्ये ती अवचित येते. एक न्यायाधीश कचेरीत निघाला होता. वाटेत पाच बायकांनी त्याला गाठले आणि त्यांतली एक तारण व जामिनकीचे प्रश्न विचारू लागली. एकामागून एक, प्रत्येक पहिल्यापेक्षा बारीक. न्यायाधीश उत्तरे देत गेला आणि शेवटच्या प्रश्नाला अडला. तेव्हा एक बाई त्याला म्हणाली, की महाराज, डोके शिणवू नका, येत नाही म्हणून सरळ सांगा; उत्तर अमुक धर्माधिकाऱ्याच्या टीकेत आहे. फर्रुखमर्दने ही गोष्ट का नोंदवली असेल? स्वतः कायदेपंडित असून एका न्यायाधीशाची फजिती त्याने पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवली, यासाठी मला तो माणूस आवडतो. त्या पाच जणींना कर्ज, तारण आणि जामीन यांच्याशी व्यवहारात गाठ पडल्याशिवाय असे प्रश्न सुचले नसते. बाईच्या हातची कमाई साधारणपणे नवऱ्याची धरली जात असली, तरी माहेरचे, नवऱ्याने दिलेले आणि वारशाने आलेले असे तिचे स्वतःचे असे.

यापूर्वीच्या इराणबद्दल थोडक्यात. हखामनी काळाचा कायदा हाती नाही, हिशेब आहेत. पर्सेपोलिसच्या तटबंदीत १९३३-३४ साली मातीच्या हजारो वड्या सापडल्या, इसवी सनपूर्व ५०९ ते ४९३ या काळातल्या, एलामी भाषेत. इर्दाबामा नावाची एक राजघराण्यातली स्त्री त्यांत सतत भेटते. तिची स्वतःची मुद्रा, स्वतःचे मजूर, स्वतःचे कारभारी. याच हिशेबांत बाळंतिणींना द्यायच्या शिध्याची नोंद आहे. मुलगा झाला तर जेवढे, मुलगी झाली तर त्याच्या निम्मे. ‘निम्मे’ हा आकडा इराणात ससानी कायद्याहून हजार वर्षांनी जुना निघाला.

ससानी सत्तेच्या अखेरीला राजघराण्यालाच स्तूराची गरज पडली, असे मी गमतीने म्हणतो. ६२८ मध्ये खुस्रोच्या मुलाने गादीसाठी आपल्या भावांची कत्तल केली आणि काही महिन्यांत स्वतःही मेला. पुरुष उरले नाहीत, तेव्हा खुस्रोची मुलगी बोरान ६३० मध्ये गादीवर आली. बापाचे नाव चालवणारी अयोकेनच ती.

त्यानंतर अरब आले, शरियत आली. ‘इस्लामपूर्व इराणात स्त्री स्वतंत्र होती, नंतर बंदिस्त झाली’ असे एक ठोकळेबाज वाक्य मी अनेक ठिकाणी वाचले आहे. त्याच्या उलट वाक्यही वाचले आहे. दोन्ही वाक्यांना आकडेमोडीची भीती वाटत असावी. आपण करून पाहू.

समजा सात हजार द्रह्म मागे ठेवून एक माणूस वारला. मागे विधवा, दोन मुलगे, एक अविवाहित मुलगी. ससानी कायद्याने सात हिस्से पाडायचे : मुलांना दोन-दोन, विधवेला दोन, मुलीला एक. म्हणजे तिघांना दोन-दोन हजार आणि मुलीला एक हजार. इस्लामी कायद्याने मुले असताना विधवेला अष्टमांश, म्हणजे ८७५. उरलेल्या ६१२५ मधून मुलांना २४५०-२४५० आणि मुलीला १२२५. विधवेचे फार गेले, मुलीला थोडे जास्त आले. आता समजा मुलीचे लग्न झालेले आहे. ससानी कायद्यात ती शून्यावर येते. इस्लामी कायद्यात तिचे १२२५ कायम राहतात, सासरी असो वा माहेरी. शिया कायद्यात तर एकटीच मुलगी मागे राहिली आणि आई-वडील, नवरा-बायको कोणी नसेल, तर सगळी मिळकत तिची. चुलते दारात उभेही राहू शकत नाहीत. उलट त्याच कायद्यात विधवेला नवऱ्याच्या जमिनीत वारसा नव्हता. इराणच्या संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती करून तिला जमिनीच्या किमतीतला हिस्सा दिला. तेव्हा कोणाचे भले झाले हे विचारताना कोणत्या बाईचे, हे आधी विचारावे लागते. बायकोचे की मुलीचे?

जे जरथुष्ट्री धर्मात राहिले त्यांच्याकडे जुने दस्त चालू राहिले. पेहलवीतला विवाहाच्या कराराचा एक मसुदा उपलब्ध आहे, त्यावर तेराव्या शतकातली तारीख आहे. वधू पादिख्शाय बायको होते आहे, असे त्यात लिहिले आहे आणि तिच्यासाठी तीन हजार द्रह्म चांदीची रक्कम घातली आहे. पुण्याच्या लग्नात ऐकलेल्या त्या दिरमांचा हा जवळचा भाऊ. माझा शोध खरे तर इथे पुरा व्हायला हवा होता.

पण आकडेमोडीची सवय गेली नाही. हिंदुस्थानात आलेल्या पारश्यांचे काय झाले? इंग्रजी अमलात त्यांच्यापुढे विचित्र पेच आला. त्यांना इंग्रजी कायदा लावला तर थोरल्या मुलाला सगळी स्थावर मिळणार. ते थांबवायला १८३७ चा कायदा झाला आणि पुढे १८६५ मध्ये वारशाचा स्वतंत्र कायदा. त्यात मुलाला विधवेच्या दुप्पट आणि विधवेला मुलीच्या दुप्पट. आपल्या सात हजारांत मुलांना साधारण २५४५ प्रत्येकी, विधवेला १२७३, मुलीला ६३६. ससानी काळापेक्षा दोघीही मागे गेल्या! मग १९३९ ची दुरुस्ती : विधवा मुलाइतकी, मुलगी निम्मी. मी कागदावर मांडले आणि पुन्हा सात हिस्से पडले. दोन, दोन, दोन, एक. गोर शहरातला तोच हिशेब तेराशे वर्षांनी परत आला. फरक एवढाच, की आता लग्न झालेली मुलगीही त्या निम्म्याची मालकीण. बुलसारांचे भाषांतर १९३७ चे, दुरुस्ती १९३९ ची. दोन्हींना एका ओळीत बांधण्याचा मोह मला कित्येक दिवस झाला. पण तारखा जवळ असल्या म्हणून दस्त एकमेकांचे होत नाहीत, हे मी धंद्यात शिकलो आहे. १९९१ मध्ये ही तफावतही गेली आणि पारशी मुलगा, मुलगी व विधवा समान झाले. प्रत्येकी १७५०.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो. तिला हे सगळे वहीत मांडून दाखवले. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण हिशेबाला पक्की. चकर, स्तूर वगैरे तिने शांतपणे ऐकून घेतले. उसनी दिलेली बायको आणि मागे राहिलेली तिची मिळकत ऐकल्यावर तिने विचारले, ‘मिळकत राहिली म्हणजे कोणाच्या ताब्यात राहिली रे?’ पाच बायकांनी न्यायाधीशाला विचारलेला शेवटचा प्रश्न असाच काहीतरी असणार. कागदावर तिची, असे मी म्हणालो. मग तिने वही आपल्याकडे ओढली आणि सातही रकमांखालून बोट फिरवत विचारले, ‘यात माझं लग्न झालंय की नाही?’ तिचे लग्न १९८५ सालचे. तिने सोडले ते साडेअकरा गुंठे, विहिरीच्या बाजूचे.

घरी आल्यावर मी २००८ चा दस्त काढून वाचला. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ हे शब्द मी छापील मसुद्यातून उतरवले होते. तो मसुदा मीच केलेला, शेकडो बहिणींसाठी वापरलेला. तिला मी काही विचारल्याचे आठवत नाही. आई तेव्हा होती. ती म्हणाली होती, साडी चांगली घे.

परत द्यायचे तर कागद बक्षीसपत्राचा होतो. बहिणीने भावाला वडिलोपार्जित हक्क सोडायला २०२४ पर्यंत मुद्रांक दोनशे रुपये होता. भावाने बहिणीला जमीन बक्षीस द्यायला बाजारमूल्याच्या तीन टक्के, शिवाय नोंदणी फी. मूल्यांकन काढून आणले आहे. मसुद्यात या वेळी एक ओळ कोरी ठेवली आहे. ताई तुळशीच्या लग्नाला येणार आहे, ती ओळ तिने सांगायची आहे.